बोटभर खोल

दि. १४ ऑक्टोबर

ती. मामांस,

सा. न. वि. वि. तुमचं पत्र मंगळवारी पोचलं. मामींचा गुडघा सुधारतोय हे वाचून बरं वाटलं. इकडे आम्ही ठीक. लेक चौथीत गेली; अक्षर तुमच्यासारखंच, कोंबडीचे पाय. संग्रहालय महिनाभर बंद आहे, त्यामुळे मी दुपारी घरी असते आणि आवरलेली कपाटं पुन्हा आवरते.

तुम्ही विचारलंय, "आत वाळूच निघाली ना? मग एवढा गहजब कशाला?"

हो, वाळूच निघाली. तो आठ पंखांचा बॉम्ब, जो आपल्याला कुठल्याच पुस्तकात सापडला नाही, तो सरावाचा होता. लष्कराच्या माणसांनी खाणीत नेऊन, लांबून कापला. त्या जातीचा एकमेव नग दोन तुकड्यांत परत आला. गंज चढू नये म्हणून कापलेल्या कडांना मी मेण लावून ठेवलंय.

पण तुम्हाला झालं ते नीट कळलं नसावं, म्हणून सांगते. शस्त्रांच्या दालनाचा नियम तुमचाच, दालन तुमच्याकडे होतं तेव्हाचा. दारू काढून रिकाम्या केलेल्या प्रत्येक गोळ्याला, बॉम्बला आरपार भोक, आणि दर वर्षी त्यातून तार घालून, ती पलीकडे निघाली की मगच कार्डावर सही. यंदा तपासणीला नव्या बाई आल्या. त्या ना तुम्हाला ओळखत, ना मला. त्यांनी त्या बॉम्बमध्ये तार घातली, ती बोटभर आत जाऊन अडली. दुसऱ्या बाजूनेही तेच. मग त्यांनी टॉर्च मारला. भोकाच्या तळाला काळा रंग फासलेला होता, बघणाऱ्याला आरपार वाटावं म्हणून.

बाईंनी तार हळूच बाहेर काढली आणि म्हणाल्या, "सगळ्यांना बाहेर न्या. पळू नका, चाला." शाळेची एक अख्खी सहल आत होती, मामा.

माझी चूक मी चौकशीत कबूल केली आहे. नऊ वर्षं त्या कार्डावर मी तार न घालता सही केली. बाकी सगळ्या गोळ्यांना घालत होते. याला नाही, कारण "तारेने भोकाच्या कडेचा जुना रंग खरवडेल, याच्यात घालू नकोस" असं तुम्ही बजावलं होतं. तुमचा शब्द, म्हणून मी डोळे झाकून सही ठोकत गेले. नोकरी राहील की जाईल, ते पुढच्या महिन्यात कळेल.

तुम्ही लिहिता, वजनावरून तुम्हाला ठाऊकच होतं. ठाऊक असतं तर भोक आरपार गेलं असतं. भोक पाडताना तुम्ही दोन्हीकडून बोटभर गेलात आणि घाबरलात. त्यात काय? मीही घाबरले असते. "मला हा उमगत नाही" एवढं म्हणाला असतात, तर कुणी तुमची पगडी उतरवली नसती. आणि आता म्हणता, वस्तू दुर्मिळ म्हणून भोक उथळ ठेवायचं आपण दोघांनी ठरवलं होतं, असं मी लिहून द्यावं. नाही देणार. फार राग आलाय मला तुमचा.

एक गोष्ट मात्र मी चौकशीत सांगितली नाही. ती लिहिता येईना, म्हणून याआधीची तीन पत्रं फाडली.

पाच वर्षांपूर्वी मी त्याच बॉम्बच्या पंखांवरचा गंज काढत होते, लहान छिन्नी आणि हातोडीने. लेक तेव्हा चार वर्षांची. बॉम्ब हलू नये म्हणून त्याला मिठी मारून बसली होती. तुम्ही दारात आलात. तिच्याकडे पाहिलंत, माझ्या हातोडीकडे पाहिलंत. मी खुर्ची पुढे केली, चहा मागवला. तुम्ही कप उचललात आणि म्हणालात, "इथे फार उकडतंय गं, मी जरा बाहेर बसतो." आणि आवाराच्या पार टोकाला, भिंतीपलीकडे जाऊन बसलात. चहा संपेपर्यंत तिथेच होतात. मी ठोकत राहिले.

पोरीच्या अंगात स्वेटर होता, मामा. माझ्याही.

मामींना नमस्कार सांगा.

तुमच्या बहिणीची मुलगी