राणीची सुट्टी म्हणायचं नाही!

८ मे, बुधवार

मला मौन दिलंय! एक मिनिटाचं!

नगराध्यक्षा गिलेन स्वतः सांगायला आली. कधीकाळी माझ्याच इतिहासाच्या तासाला शेवटच्या बाकावर बसायची. “बाई, यंदा देशभक्त दिनाला भाषण नको. हार घालू, मिनिटभर शांत उभं राहू. सुटसुटीत.”

मी म्हटलं, का?

“गेल्या वर्षी सात माणसं होती, बाई. त्यातली दोन बोटीची वाट बघत होती.”

सात! १८३७ साली आमची माणसं इंग्रजांच्या बंदुकांसमोर उभी राहिली, ती काय आधी डोकी मोजून?

“जिंकली असती तर आज कोणी मोजलं नसतं,” गिलेन म्हणाली.

उद्धट. पण वाक्य चांगलं आहे. भाषणात घालीन. कुठल्या भाषणात?

१० मे, शुक्रवार

राग उतरत नाही. देशभक्त दिनाचा सोमवार, तोच राणीचाही. नदीच्या पलीकडे, ओंटारिओत, तो व्हिक्टोरिया राणीचा वाढदिवस — आतषबाजी आणि बिअर. सुट्टी सोमवारची, पण बिअरची पेटी चोवीस बाटल्यांची, म्हणून खरा वाढदिवस चोवीस तारखेचा हे लक्षात राहतं, एवढीच त्यांची राजनिष्ठा. अटलांटिककाठच्या प्रांतांत कित्येकांना त्या दिवशी सुट्टीसुद्धा नाही. राणी तिथे पोचलीच नसावी. आणि अलीकडे, आमच्या क्यूबेकात, तो त्याच राणीच्या सत्तेविरुद्ध बंड करणाऱ्यांचा दिवस. सरकारी कागदावर तसं लिहिलंय. पण आमच्या लोकांच्या तोंडात? “राणीची सुट्टी!” राणीची सुट्टी झाल्याशिवाय टोमॅटोची रोपं लावायची नाहीत, थंडीने मरतात — हे आमच्या गावातलं तान्हं मूलही सांगेल. बंडखोरांची नावं विचारा, गप्प.

चाळीस वर्षं वर्गात हा शब्द उच्चारू दिला नाही. ‘राणीची सुट्टी’ म्हटलं की पन्नासदा ‘देशभक्त’ लिहायचं.

१२ मे, रविवार

मातृदिन. मारीझचा फोन. लेक गोड बोलली. मी विचारलं, सोमवारी येशील? एकदाच?

“आई, त्या दिवशी माझा स्टॉल असतो ना.”

राणीच्या आतषबाजीला जमलेल्यांना बटाटे तळून घालायला वेळ आहे! डगशी लग्न करून पलीकडे फेनिकला गेली त्याला नऊ वर्षं झाली. नऊ भाषणं चुकवली. गर्दी कमी असल्याचं मला दुःख नाही. (आहे. पण तेवढं नाही.) समोर सात असोत नाहीतर सत्तर, मी बोलताना तिलाच शोधते.

यंदा भाषणच नाही, हे तिला सांगितलं नाही. लाज वाटली.

१५ मे, बुधवार

धक्क्यावर गेले होते. रेजाँने बोटीच्या फळ्यावर खडूने लिहिलंय — ‘राणीच्या सुट्टीनिमित्त जादा फेऱ्या’. पुसलं.

“बाई! ‘देशभक्त दिन’ लिहिलं की लोक विचारतात, तो राणीच्या सुट्टीच्या आधी येतो की नंतर?”

“किती माणसं जातात रे पलीकडे, त्या दिवशी?”

“अर्धं गाव. दर फेरीला साठ-सत्तर.”

“आणि वेळ किती लागतो?”

“अकरा मिनिटं.”

साठ माणसं. अकरा मिनिटं. चारी बाजूंनी पाणी. उठून जाणार कुठे!

१६ मे, गुरुवार

रेजाँ म्हणतो, माइक फक्त सूचनांसाठी आहे. मी म्हटलं, स्वातंत्र्य ही सूचनाच आहे. म्हणतो, गिलेन ओरडेल. मी म्हटलं, नदी तिच्या हद्दीत नाही. “मी नाही म्हटलं तर?” तुझा आठवीतला निबंध अजून माझ्याकडे आहे, म्हटलं.

माइक मिळाला.

भाषण चाळीस मिनिटांचं. चार फेऱ्या. अकरा चोक चव्वेचाळीस. चार मिनिटं टाळ्यांना.

२० मे, सोमवार

चर्चच्या चौकात गिलेनचं मौन. मी नेहमीच्या वेळेला, बरोबर दोनला, बोटीवर. रेजाँने लाइफ जॅकेट कुठे आहेत ते सांगितलं आणि माइक माझ्या हातात दिला. माइक कसला, डबडं! चौकातल्या भोंग्याची सर नाही. बोटीच्या इंजिनापुढे मला पोटातून ओरडावं लागलं. पण लोकांनी ऐकलं! एका बाईने बिअरची पेटी खाली ठेवून ऐकलं.

फेनिकच्या धक्क्यालाच मारीझचा स्टॉल. तिथे एकटा डग, घामाघूम. या दिवशी मी पलीकडे पाय ठेवत नाही, म्हणून कठड्यावरूनच विचारलं, मारीझ कुठाय?

जावयाचं फ्रेंच नऊ वर्षांत सुधारलेलं नाही. “ती जातो. दर साल दोन वाजता जातो. स्टॉल माझा डोक्यावर.”

“जाते!” मी सुधारलं. “कुठे जाते?”

“पाण्याच्या बाजूने. लांब. मला नाही सांगतो.”

म्हणजे यंदा मी बोटीवरून येणार, हे कोणीतरी कळवलं असणार. नाही, दर साल म्हणाला. माझ्या भाषणाची वेळ झाली की हिला नुसतं पलीकडे असणंही पुरत नाही? आणखी लांब पळते!

परतीला बोट रिकामी. बारा जणांच्या फाशीचा भाग मी रेजाँला आणि एका कुत्र्याला ऐकवला. कुत्रा हेलावला.

तिसऱ्या फेरीला सत्तर माणसं. डोक्यात मारीझ, तोंडात भाषण. शेवटाकडे आवाज चढवला, हात वर केला — “बंधूंनो, भगिनींनो, तुम्हा सर्वांना राणीच्या सुट्टीच्या हार्दिक शुभेच्छा!”

माझ्या तोंडून! माइकवर!

मग बोट कलंडेल इतकं हसले. माझे जुने विद्यार्थी एका सुरात — “पन्नासदा लिहा, बाई!” मीही हसले. काय करणार. मग इतक्या टाळ्या पडल्या, जितक्या चौकात उभ्या जन्मात पडल्या नव्हत्या.

चौथ्या फेरीला बोलले नाही. काठ बघत बसले. कुठेच दिसली नाही.

२१ मे, मंगळवार

सकाळी सातला मारीझचा फोन. आवाज घाबरलेला. “आई, काल बोलली का नाहीस? बरी आहेस ना? मी तासभर उभी होते गं, तुमच्या चर्चच्या बरोबर समोर, इकडच्या काठावर. दरवर्षी तिथे भोंग्यातला तुझा शब्दन् शब्द ऐकू येतो.”