धक्क्याच्या टोकाला

बेटावरून,
बुधवार, १४ ऑक्टोबर

सौ. कारभारीणबाईंना,

इकडे सगळं ठीक आहे. तुझे गुडघेही ठीक असणार, कारण मी घरात नसलो की ते दुखत नाहीत असा माझा जुना अनुभव आहे. दुकानाचं कुलूप ओढून बघतेस ना? बघत जा. आणि कापून ठेवलेला करड्या रंगाचा कोट मी आल्याशिवाय शिवायला घेऊ नकोस. त्याच्या खांद्यात गोम आहे.

मी सुखरूप पोचलो. बोटीत चढलो आणि बोटीतून उतरलो. मधल्या वेळात काय झालं ते विचारू नकोस, माझे डोळे मिटलेले होते. आपली भिंगरी म्हणाली होती तळं आहे. तळं म्हटल्यावर मला वाटलं, या काठावरून हाक मारली की त्या काठावरच्या माणसाने मान वर करून बघावं, एवढं असेल. इथे पलीकडचा काठ मुळी दिसतच नाही. मी तिला म्हटलं, "याला तळं म्हणतात?" तर म्हणते, "बाबा, नकाशात तसंच लिहिलंय, मी काय करू?"

राहायची जागा म्हणजे लाकडी खोल्या, एकीपासून दुसरी लांब, आणि मध्ये नुसती झाडं. जेवणाच्या मोठ्या खोलीत लोखंडी शेगडी आहे. मी दिवसभर तिच्याजवळच असतो. मोसम संपला, शेवटचे पाहुणे परवा गेले. आता आम्ही तिघंच. आपली लेक, मी आणि इथला आचारी. आचारी बोलण्याच्या बाबतीत भलता कंजूष. काल माझ्या खोलीच्या पायरीवर ओला पंजा उमटला होता. मी त्याला हाताला धरून दाखवायला आणलं. बघून म्हणाला, "पाणमांजर." मी म्हटलं, "अहो, मांजराचा पंजा एवढा?" तर म्हणाला, "पाणमांजराचा असतो." आणि गेला निघून. तेव्हापासून खोलीच्या दाराला आतून खुर्ची लावतो. हसू नकोस. पत्र्यावर फांद्या घासतात, कुठलं तरी पाखरू माणसासारखं कण्हतं, आणि हाक मारली तर ऐकायला शेजारी नाही.

सगळ्यात वाईट तो धक्का. बोट लागते ना, तो लाकडी धक्का पाण्यात लांबवर गेलाय. फळ्यांमधल्या फटी एवढ्या, की माझी फूटपट्टी उभी आत जाईल. खाली काळं पाणी हलत असतं. उतरलो तेव्हा भिंगरीने हात धरून मला आंधळ्यासारखं काठावर आणलं. त्यानंतर मी त्याच्यावर पाऊल टाकलेलं नाही. तिकडे काय बघायचंय? टोकाला एक खांब आणि त्यावर पितळेची घंटा, एवढंच.

पोर मात्र त्याच धक्क्यावर उड्या मारत फिरते. बोटीचं इंजिन स्वतः उघडते, दोर असा बांधते की मला तिची गाठ सोडवता आली नाही. माझा आयुष्यभराचा धंदा दोऱ्याचा! तू दिलेला स्वेटर तिने घातला. बाही नाकाला लावून बघितली ते मी पाहिलं.

तू सांगितलेला विषय अजून काढलेला नाही. काढीन. इथली नोकरी सोडायला तिला समजावा आणि घरी घेऊन या म्हणालीस, ते माझ्या लक्षात आहे.

आत्ता ती जरा कामाला पलीकडे गेलीय. जेवायला येईलच. हवा छान आहे.

दुपार

हवा छान आहे असं वर लिहिलं, ते खोटं आहे. लिहिताना खिडकीतून धुकं येताना दिसत होतं. आता तर पायरीचा कठडाही दिसत नाही.

ती आलेली नाही. आचाऱ्याने वायरलेसवरून पलीकडे विचारलं. तिथे इथल्या मालकीणबाई असतात. त्या म्हणाल्या, ती केव्हाच निघाली, निघाली तेव्हा सगळं स्वच्छ होतं. बोटीवरचा वायरलेस दुरुस्तीला गेलाय. म्हणजे ती पाण्यावर आहे एवढंच कळतं. कुठे आहे, ते तिलाही कळत नसेल.

काय कामाला गेली ते लिहायचं मी टाळत होतो. माझ्या छातीच्या गोळ्या आणायला गेली. सकाळी पिशवीत सापडेनात. तिने पिशवी पलंगावर उलटी केली, मोजे झटकले. "आईने दिल्या होत्या ना?" म्हणाली. मी म्हटलं, दिल्या असतील, वाटेत कुठे पडल्या असतील. उद्या जा म्हटलं, तर तुझ्यासारखेच डोळे मोठे केले. "डॉक्टरांनी एक दिवससुद्धा चुकवायची नाही असं बजावलंय ना? मग? अशी जाते आणि अशी येते." तुझा स्वेटर घालून गेली.

आचारी घंटा वाजवतोय. इथली रीत अशी की बोट धुक्यात अडकली की धक्क्यावरून घंटा द्यायची. थोडी वाजवायची, मग थांबायचं आणि ऐकायचं. बोटीवरचं माणूसही मध्येमध्ये इंजिन बंद करून ऐकतं. आवाज आला की त्याने तिकडे वळायचं आणि आपण आहोत हे कळवायला काहीतरी बडवायचं. आचारी मला म्हणाला, "माझा खांदा दुखरा आहे. आपण आलटून पालटून करू." मी म्हटलं, मला नाही जमायचं. त्याने माझ्याकडे नुसतं बघितलं आणि धुक्यात शिरला. मी इथे शेगडीपाशी येऊन तुला पत्र लिहितोय. अशा माणसाबरोबर तू संसार केलास.

घंटा वाजते तोवर बरं असतं. थांबली की मी लिहायचा थांबतो.

आणखी एक गोष्ट आहे. ती लिहू नये असं वाटतंय, पण दुसऱ्या कुणाला सांगू?

गोळ्या माझ्याजवळच होत्या. माझ्या कोटाला आतून तू चोरखिसा लावून दिलास ना? मी हसलो होतो, शिंप्याच्या कोटाला बायकोने खिसा लावावा म्हणून. बोटीत चढताना पिशवी पाण्यात पडली तर काय, या भीतीने मी डबी पिशवीतून काढून त्या खिशात ठेवली. आणि त्याच भीतीने विसरलो. सकाळी तिची बोट सुटली, मी गारठ्यात कोटाची बटणं लावायला गेलो आणि हाताला डबी लागली.

तेव्हा बोट दिसत होती, ऐक. धुकं नव्हतं. तिच्या डोक्याचा रुमालसुद्धा दिसत होता. सारखी घंटा दिली की बोटीने मागे फिरायचं, हे तिनेच मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. हाक मारली, ती इंजिनाच्या आवाजात कुठली पोचणार? घंटा तेवढी वाजवायची होती. मी धक्क्यावर पाय ठेवला. दुसऱ्या फळीवर गेलो. खाली पाणी दिसलं आणि मी मागे आलो. मनाला सांगितलं, असू दे, जास्तीच्या गोळ्या झाल्या तर काय बिघडलं, उगाच आपल्या विसरभोळेपणाचं हसं कशाला? ते सगळं मागाहून सुचलेलं. मी भ्यालो, एवढंच खरं आहे. बोट लहान होत गेली आणि मी बघत उभा राहिलो.

तू विचारशील, पोरीला कुठे सोडून आलात?

आचारी दारात उभा आहे. पार भिजलाय. म्हणतो, "माझा हात वर होत नाही. आता तुम्ही नाही आलात तर घंटा बंद राहील."

मी जातो.

संध्याकाळ

आधी हे वाच. ती आलीय. सुखरूप आहे. शेगडीपाशी बसून माझ्या वाटणीचंही जेवतेय. आता बाकीचं सावकाश वाच.

मी धक्क्यावरून चालत गेलो नाही, रांगत गेलो. एक एक फळी चाचपत, पुढची आहे की नाही बघत. कोटाच्या कोपरांची वाट लागली. आचारी मागे काठावर उभा होता. तो हसला नाही हे त्याचे उपकार. टोकाला पोचल्यावर खांबाला एका हाताने मिठी मारली आणि दुसऱ्या हाताने दोर ओढायला लागलो. मागून आचारी ओरडला, "अहो, शाळा सुटली का? थांबा मध्येमध्ये! ऐकायचं कोणी?"

थांबणं फार कठीण गं. वाजवताना आपण काहीतरी करतोय असं वाटतं. थांबलो की फक्त धुकं. फळ्यांखाली पाणी चुळचुळत होतं. फार भ्यालो होतो. मला पाण्याची भीती वाटते, तुला माहीत आहे, पण ही ती नव्हती. पाण्यात मी पडलो असतो तर चाललं असतं असं तेव्हा वाटलं, आणि ते मी उगाच लिहीत नाही. आणि दर वेळी दोर ओढला की छातीशी ती डबी खुळखुळायची. घंटा, आणि मागोमाग डबी.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मग एकदा थांबलो असताना ठकठक ऐकू आलं. वल्ह्याने बोटीच्या कडेवर मारल्यासारखं. जीव भांड्यात पडला म्हणेपर्यंत लक्षात आलं की आवाज भलत्याच बाजूने येतोय. धक्क्याच्या समोरून नाही, उजवीकडून, आणि लांब जात चाललाय. बेट चुकवून ती मोकळ्या पाण्याकडे निघाली होती. मी खांब सोडला आणि दोन्ही हातांनी दोर धरला. पायाखाली काय आहे ते तेव्हा बघितलंच नाही. वाजवलं, थांबलो. वाजवलं, थांबलो. तिचं नाव घेऊन ओरडलो, तुझंही घेतलं. ठकठक बंद झाली. आता संपलं असं वाटलं. मग इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला, आणि तो हळूहळू, अगदी हळूहळू मोठा व्हायला लागला.

बोट दिसली ती एकदम धक्क्याला टेकतानाच. स्वेटर पिळून काढावा इतका ओला. ओठ निळे पडलेले. आणि वर चढता चढता ही म्हणते काय, "आचारीकाका नाहीत हे मला लांबूनच कळलं. इतकं बेताल फक्त तुम्हीच वाजवू शकता."

मी तिला जवळ घेतलं. तेव्हा डबी वाजली.

"बाबा, हे काय वाजतंय?"

तिने माझ्या कोटात हात घातला, तुझा तो खिसा चाचपला, डबी काढली. एका हातात ती आणि दुसऱ्या हातात पलीकडून आणलेली पुडी. मी वाट बघत होतो, आता कडाडणार म्हणून. राग तुझाच घेतलाय तिने. पण ती तिथेच ओल्या फळ्यांवर बसली आणि हसायला लागली. खूप हसली. मग ते हसणं राहिलं बाजूला आणि रडायला लागली, लहानपणी पडल्यावर रडायची तशी, तोंड उघडं टाकून. म्हणाली, "मला काही दिसत नव्हतं हो. मला वाटलं, मी गेले." मी तिच्याजवळ बसलो. त्या धक्क्यावर, पाय खाली सोडून.

विषयही काढला. तू सांगितलंस म्हणून नव्हे, मला राहवेना म्हणून. म्हटलं, "चल घरी. आत्ता चल." तर नाक पुसून म्हणाली, "आत्ता? याच बोटीतून?" मग स्वेटरची बाही पिळत म्हणाली, "घाबरले म्हणून सोडून आले, असं नको बाबा. मग मी कायमची घाबरलेलीच राहीन." तिला परत चल म्हणणारा मी कोण? सकाळी दुसऱ्या फळीवरून मागे फिरलेला माणूस.

"आईला यातलं काही कळवू नका," म्हणाली. मी म्हटलं, नाही कळवत. आणि आता हे लिहून बसलोय. तुझ्यापासून लपवून मी घरात कसा वावरणार? तुला रागवायचं असेल तर पोटभर रागव, पण माझ्यावर. तिला फक्त एक ओळ लिही. स्वेटर अंगाला बसतो का, एवढंच विचार. ती उत्तर देईल.

उद्या सकाळी ती पुन्हा पलीकडे जायचीय. टपाल टाकायचं आहे, बोटीचा वायरलेस आणायचा आहे. हे पत्र तीच नेणार. पाकीट चिकटवून तिच्या हातात देईन, आणि आत काय आहे ते तिला सांगणार नाही. म्हणजे हे तुझ्या हातात पडलं की एवढं नक्की समज, की त्या दिवशी ती पलीकडच्या काठाला पोचली होती. परत आली की नाही, ते तुला या पत्रातून कळायचं नाही. ते कळायला कुणीतरी इथे उभं पाहिजे.

धुकं असो नसो, मी जाऊन उभा राहीन. रांगत का होईना.

धक्क्याच्या टोकाला, दोर हातात धरून उभा,
तुझा भित्रा नवरा