कुलाविक आडनावाचा जावई

प्रिय अनिल,

सत्तावीस वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस. मी दुबईतच आहे, संसार बरा झाला. सिलिकॉन ओएसिसमधल्या एका कंपनीत पासपोर्टवरची नावं व्हिसाच्या अर्जात भरते. यंदा आमच्याकडे पोलंडची बरीच माणसं आली. त्यांची आडनावं उच्चारताना जीभ वळेना, म्हणून अर्थ विचारले. नोसाल म्हणजे मोठ्या नाकाचा, वॉन्शिक छोट्या मिशीचा, ग्वोवाच मोठ्या डोक्याचा. कुणा खापरपणजोबाला गावानं चिडवलं आणि ते घराण्याला चिकटलं. हे सगळं ते डबा खाताना बिनदिक्कत सांगतात. ऑफिसच्या इफ्तारला माझी मुलगी श्रिया आली होती. तिथे तिची यांच्यातल्या तोमाशशी ओळख झाली, आणि आता लग्न ठरतंय. तोमाश कुलाविक. कुलाविक म्हणजे लंगडा.

श्रियाला मी अर्थ सांगितला, आवाज जरा जास्तच गंभीर करून. लॅपटॉपवरून मान न उचलता ती म्हणाली, "सो व्हॉट, ममा?" तिच्याच वयाची असताना मी वहीच्या शेवटच्या पानावर 'सौ. विभावरी अनिल लंगडे' अशी सही गिरवत होते. मावसबहिणींनी ते पान पाहिलं. एकीनं खोलीभर लंगडत चालून दाखवलं, सगळ्या हसल्या, मीही हसले. दुसऱ्या दिवशी तुला सांगितलं, बाबा नको म्हणतात.

बाबा तर आपल्या लग्नासाठी कार्यालयाची चौकशी करून आले होते. तू घरी येऊन त्यांना नाही नाही ते बोललास, तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होते. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तुला म्हणाले, "हो, मीच नको म्हटलं." नंतर त्यांनी मला कधी विचारलं नाही. मिरजेत एकाच गल्लीत राहून तू त्यांना ओळख दाखवत नाहीस, हे आई फोनवर सांगायची. मी विषय बदलायची.

परवा व्हिडिओ कॉलवर बाबांना तोमाशबद्दल सांगितलं, आडनावाच्या अर्थासकट. ते म्हणाले, "यावेळी नाही म्हणायचं असेल तर तू म्हण. माझं आता वय झालं." मी नाही म्हणणार नाही. पण त्या रात्रीपासून मला स्वतःची लाज वाटते आहे, म्हणून हे लिहिलं. मला माफ करू नकोस हवं तर. बाबा रोज सकाळी तुझ्या दारावरून दूध आणायला जातात. त्यांना हाक मार. त्यांनी तुला कधीच नाकारलं नव्हतं.

एकेकाळची तुझीच,
विभावरी