चंपीचे दहा दिवस

२३ मार्च ९६
शेरूनं चुलीपुढची भाकर पळवली. हाणलं एक लाटणं. हलला न्हाई. भाकर संपवली आन वरून शेपूट हलवून राह्यला. निर्लज्ज. चंपी तसली न्हाई. दिलं तर खाती, न्हाई तर दारात पडून राहती.
वैशूनं ही डायरी दिली. म्हणी, "आई, कुत्र्यांचं लिहून ठेवत जा. जंताची गोळी कधी, सुई कधी." मी चौथी शिकलेली, अक्षर म्हंजे मुंग्या. पण लिहून राह्यले. कुत्र्यांचं कमी, माझंच जास्ती.

२८ मार्च
आज काम न्हाई, म्हणून चंपीचं लिहिते. वै. म्हंजे वैशू औरंगाबादला माणसांची डाक्टरकी शिकती, शेवटचं साल. मागं तिच्या कॉलेजात पोरांना शिकवायला कुत्रे आणायचे. काय करायचे त्यांचं ते मी विचारलं न्हाई. त्यातली ही एक. सरांच्या मागं लागून वै.नं सोडवून आणली. हॉस्टेलात कुत्रं चालत न्हाई म्हणले तर पोरीनं हॉस्टेलच सोडलं. तव्हापासून बदनापूर-औरंगाबाद रोजची गाडी. शेरू स्टेशनावरून तिच्यामागं आला, तो फुकटचा.
तव्हा मी लई शिव्या दिल्त्या. कुत्रीपायी गाडीत अभ्यास करती म्हणून. पण हे गेल्यावर घर खायला उठायचं. पोरगी रोज संध्याकाळी घरी येती ती चंपीपायी. चंपीचे उपकार. तोंडानं कव्हा बोलले न्हाई.

७ एप्रिल, रविवार
वै. म्हणी, दोघांना पिसाळायची सुई टोचून आण. परवा नेलं जनावराच्या दवाखान्यात. डाक्टर नव्हता. उद्या या म्हणे. उद्या-उद्या करायला मी रिकामी हाय का. शेतकी केंद्रावर बियाणं निवडायचं काम चालू, एक दिवस चुकला की दुसरी बाई बसवतात.
आज खंडोबाला गेलते दोघांना घेऊन. पुजाऱ्यानं दोघांच्या कपाळाला भंडारा लावला. देवाचंच जनावर. त्याचा भंडारा लागला, मंग सुई कशाला?
वै.ला म्हणलं, झालं काम. तिनं तिच्या हातानं ह्याच पानावर वर लिहिलं, "लस दिली, दोघांना." पुसलं न्हाई मी.

२ मे
कुठलं तरी लाल कुत्रं गल्लीत आल्तं. चंपीशी झोंबलं. चंपीचा डावा कान फाटला. लाल कुत्रं पळालं, कुणाचं ते कुणाला ठाव न्हाई.

११ मे
चंपीचा कान चिघळला, किडे पडले. औषधाचा बोळा घालायला गेले तर चावली. मनगटाला, दोन दात खोल. मी तिखट दाबलं वरून. वै. आली, बघितलं आन तिखट पाहून माझ्यावरच भडकली. नळाखाली हात धरून साबणानं धुऊन काढला, पंधरा मिनिटं घड्याळ लावून. म्हणी, "दुखल्यामुळं चावली ती. बरं झालं लस दिलेली हाय. तरी दहा दिवस नजर ठेवू तिच्यावर."
परवा तिचा पहिला पेपर.
मी उठून चूल पेटवली.

१२ मे
सखारामभाऊ शेजारी. काठी घेऊन आल्ते. "वहिनी, ठेवू नका. आजच संपवतो." वै. दारात आडवी झाली. म्हणी, "काका, मारलं तर कळणार कसं? पिसाळलेलं असलं तर दहा दिवसांत दिसतंच. जगलं तर आई सुटली." भाऊ म्हणले, "तुमी शिकलेले लोक कुत्र्याला बी परीक्षेला बसवता." हसत गेले. काठी नेली.
मला हसू आलं न्हाई. ते लाल कुत्रं डोळ्यापुढून हटेना.
दुपारी कांताभाभीला सांगितलं सगळं. समोरचं मारवाडी घर, पंधरा सालाची ओळख. भाभी पापड लाटून राह्यल्या होत्या, लाटणं थांबलं. "वैशू की माँ, आज ही बोल दो उसको." म्हणलं, उद्या पेपर हाय भाभी, डोकं फिरल तिचं. "पेपर तो फिर आ जायेगा. तुम थोडी ना फिर आओगी."
संध्याकाळी बोलले. भंडारा लावला, सुई न्हाई टोचली, खोटं बोलले.
वै.नं पुस्तक मिटलं. मंग म्हणी, "खंडोबानं तुला सुई टोचू नको म्हणलं होतं का?" न्हाई म्हणलं. "मंग त्याच्यावर कशाला ढकलतीस?"
बराबर बोलली.
कुत्र्यांना आता वेगळं बांधलंय. चंपी पत्र्याखाली, शेरू मागं.

१३ मे
दवाखाना उघडायच्या आधी वै. मला घेऊन सरकारी डाक्टरच्या दारात. पोटात सुई. आग आग झाली, शिवी गेली तोंडातून. डाक्टर म्हणले, अशा चौदा. दहा दिवसांनी कुत्री चांगली राह्यली तर पुढच्या बंद. त्या लाल कुत्र्याचं ऐकून म्हणले, लक्ष ठेवा, बिलकुल कंटाळा करू नका.
तिथून पोरगी पळतच स्टेशनाला. गाडी गाठली. पेपर दिला. कसा गेला विचारलं तर म्हणी, "गेला." मी जास्ती विचारलं न्हाई.
चंपीनं सगळं खाल्लं.

१५ मे
सुई ३. चंपीनं खाल्लं. सांजच्याला शेरू दोरी चावून सुटला, तिचंबी खाऊन गेला, तिला पुन्हा दिलं.
कांताभाभी दोन्ही येळचा डबा पाठवून राह्यल्या. कांदा-लसूण न्हाई त्यांच्यात, तरी चव हाय. मी आजवर त्यांना कंजूस म्हणत आले. चूक माझी.

१७ मे
सुई ५. पोटावर जागा राह्यली न्हाई. नर्सबाई म्हणी, "तुमची पोरगी काल परीक्षेहून येता येता मला विचारून गेली, आई रोज येती का." पाळत ठेवून राह्यली माझ्यावर. ठेवू दे. एकदा खोटं बोललं की माणूस पाळत ठेवणारच.
लेखी पेपर झाले. आता तोंडी.
चंपीनं खाल्लं. मला बघून शेपूट हलवती, मी लांबूनच. तिला वाटत असल म्हातारी रुसली.

१९ मे
सुई ७. चंपीनं खाल्लं, पाणी प्याली, कान वाळला. वै. तिच्यापासून चार हातावर बसून मोठ्यानं पाठ करत होती. चंपी ऐकून राह्यली. एवढी सालं तिनंच ऐकलंय. मला त्यातलं एक अक्षर कळत न्हाई, कुत्रीला कळतं का देव जाणे. पण पोरीला ऐकायला कुणी तरी होतं.
जगू दे दोघींना. तिघींना.

२१ मे
दहावा दिवस. सकाळी चंपीनं भाकर हुंगली आन तोंड फिरवलं. दूध ठेवलं, तेबी न्हाई.
वै.ची तोंडी परीक्षा आज. वेणी घालता घालता तिनं विचारलं, "खाल्लं का गं?"
हो म्हणायला जीभ उचलल्ती. एक शब्द, आन पोरगी निवांत जाती.
म्हणलं, "न्हाई खाल्लं."
वेणी तशीच हातात धरून बसली. मंग उठून लांबूनच चंपीकडं बघत उभी राह्यली. "ऊन बी असल आई. उष्णतेनं बी खात न्हाईत." बी म्हणली. नक्की म्हणली न्हाई.
म्हणलं, "तू जा जल्दी. मी आज कामाला जात न्हाई, सुई घेऊन हिच्यासमोर बसते. जे होईल ते लिहिते. एक अक्षर खोटं लिहिणार न्हाई."
माझ्याकडं बघितलं तिनं. म्हणी, "तासातासाला लिही. जवळ जाऊ नको." आन गेली. माझ्या शब्दावर गेली. एवढं झाल्यावरबी.
नऊ. सुई ९ झाली. चंपी पडून. हाक मारली, कान हलवला.
दहा. पाण्याचं भांडं काठीनं सरकवलं. बघितलं नुसतं.
अकरा. पाण्यात तोंड घातलं. प्याली का नुसतं भिजवलं, कळलं न्हाई.
बारा. पत्र्याची सावली सरकली तशी तीबी सरकली. भाकर तशीच. वै.चा नंबर लागला असल आत्ता.