‘पाखंडी’ या नोंदीचे कार्ड

प्रिय ठकू,

नऊ वर्षांनी तुला लिहितो आहे. नुसत्या मायन्यातच तीन कागद फुकट गेले. शब्दकोशाचे काम ‘प’पर्यंत आले. सहसंपादक अजूनही अनुस्वार खातात. अशांना पदव्या कोण देते, हे मला उलगडलेले नाही.

गेल्या महिन्यात ‘पाखंडी’ ही नोंद हाती घेतली. आमचा दंडक तुला ठाऊक आहे: प्रत्येक अर्थाला प्रत्यक्ष वापराचा पुरावा हवा, कोण, कधी, कोणाला उद्देशून बोलले, हे कार्डावर हवे. फार जुन्या लेखांत या शब्दाचे मूळ रूप कोणत्याही पंथाला, तेही आदराने, लावलेले आढळते. पुढे ज्याची श्रद्धा आपल्यासारखी नाही तो पाखंडी ठरला, आणि अखेर उरली ती शिवी. तिच्यासाठी बोलण्यातले वाक्य मिळेना. हल्ली असे कोण बोलतो, साहेब, असे सहसंपादक म्हणाले. मी मान डोलावली.

तुझी आई शेजारी कार्डे लावत बसली होती. तिने एक कार्ड मुकाट्याने पुढे सरकवले. अक्षर तिचेच. ‘त्या पाखंड्याला माझ्या घरात पाणीसुद्धा मिळणार नाही.’ बोलणारा: हे. कोणाला: जावयाला. तारीख तुला सांगायला नको. इतकी वर्षे हे कुठे होते, असे मी विचारले. जागेवरच होते, तुम्हालाच इथवर यायला वेळ लागला, म्हणाली.

कार्ड निर्दोष होते. ते मी नोंदीत घेतले आहे, वक्ता म्हणून माझ्या पूर्ण नावासह. सहसंपादकांनी ‘एक गृहस्थ’ असे सुचवले. मी त्यांना गप्प केले. मात्र त्या चष्मेवाल्याने, चुकलो, जावयांनी, त्या दिवशी जोडे चढवताना ‘येतो, बाबा’ म्हटले होते, ते कार्डावर नाही. ते फक्त माझ्या कानात आहे.

आता ज्यासाठी लिहितो आहे ते. फोनवर मला हे बोलता आले नसते, म्हणून पत्र शिपायाहाती धाडतो आहे. आई दहा दिवस रुग्णालयात आहे. डॉक्टर आठवड्यापलीकडचे काही बोलत नाहीत. तिने तुझे नाव एकदाही काढलेले नाही. माझ्यासमोर ते काढायचे नाही, ही सवय तिला याही अवस्थेत सुटत नाही. पत्र मिळताच निघा, दोघेही. तू एकटी येऊ नकोस. एकटी दिसलीस, तर मी त्यांना बोलावलेच नाही, असे समजून ती जाईल.

तुझाच,
बाबा