चर्चच्या आडाचं कुलूप

प्रिय आईस,

येशूच्या नावानं सलाम. मी बरी हाय. तुझे गुडघे कसे हायत? लातूर नवा जिल्हा झाला, पाणी मात्र आलं न्हाई.

दुष्काळानं गावची विहीर आटली. चर्चच्या आडाला पाणी हाय, तर गावाला पाणी द्यायचं न्हाई म्हणून मंडळीच्या पंचांनी त्याला कुलूप घातलं. गेल्या साली, विहीर बाटली म्हणून पाटलीणबाईनं माझी घागर फोडली होती; मी कुणाला पाणी देणार न्हाई, असं धरून किल्ली माझ्याच हाती दिली.

पाणी देवाचं. त्यावर पहारा देऊन मी चर्चच्या शाळेत पोरांना शांती काय शिकवू?

रविवारी दानाची थैली फिरली, तेव्हा त्यात मी ते कुलूप टाकलं. पंच म्हणतात, नोकरी जाईल. जाऊ दे.

आज पाटलीणबाई रांगेत सगळ्यांच्या मागं उभी होती. तिची घागर मीच भरली. म्हणाले, "सांभाळून न्या, फुटंल."

तुझी न ऐकणारी लेक,
एस्तेर