रांजणातला पहिला पेला

बाबा,

तुमच्या शाळेला नवे हेडमास्तर आले आहेत. चाळिशीतले आहेत, वरवट बकालचे, शेतकऱ्याच्या घरातले. दहावी तुमच्याच शाळेतून झाले, पण ते शिकायला आले तेव्हा तुम्ही नव्हता. फक्त तुमचा फोटो होता. मागच्या महिन्यात ते माझ्याकडे आले. सोबत त्यांची मुलगी होती, चौथीतली, दोन वेण्या घातलेली. मी खुर्ची दाखवली तर ते तिच्या अगदी टोकावर बसले, तुमच्यासमोर गावाकडचे पालक बसायचे तसे. बोलायला सुरुवात केली पुस्तकी मराठीत आणि चहा येईपर्यंत वऱ्हाडीवर उतरले. मला बरं वाटलं. आपल्या घरात असं बोलणारं माणूस फार दिवसांनी आलं होतं.

त्यांच्या मनात पुष्कळ आहे, बाबा. प्रयोगशाळेच्या खिडक्या दुरुस्त करायच्या आहेत, वाचनालय रविवारीही उघडं ठेवायचं आहे. पण सगळ्यात मोठी गोष्ट त्यांनी शेवटी सांगितली. येत्या जूनपासून त्यांना शाळेत मुली घ्यायच्या आहेत. संस्थेची माणसं म्हणतात, माजी विद्यार्थ्यांना विचारा. आणि माजी विद्यार्थी म्हणतात, सरांनी पोरांची शाळा म्हणून जी घडवली ती तशीच राहू द्या. "सगळे तुमच्या बाबायचं नाव घेतात, ताई," ते म्हणाले, "मंग मी म्हटलं, घरच्याच माणसाले विचारू. तुम्ही बैठकीत या अन् एवढंच सांगा, सर असते तं हो म्हणले असते का नाही." मग त्यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. "हे पोट्टी पाचवीत जाईन आता. हिले मी दुसऱ्या शाळेत घालू अन् लोकायले सांगू, का आमची शाळा चांगली हाये?"

ते सहज बोलून गेले. मी मात्र उठून आत गेले आणि बशीत बिस्किटं लावत उगीचच थोडा वेळ ओट्याशी उभी राहिले.

तुम्ही मेहकरहून खामगावला हेडमास्तर म्हणून आलात तेव्हा मी पाच वर्षांची होते. तुमच्याही मनात पुष्कळ होतं, हे मला आई सांगायची. तुमच्याआधी शाळेत पाणी शिपाई भरायचा, आणि काही मुलांना ते वरून, ओंजळीत ओतून मिळायचं. तुम्ही पहिल्याच महिन्यात व्हरांड्यात दोन मोठे रांजण ठेवलेत आणि पाण्याची पाळी सुरू केलीत. रोज एक वर्ग विहिरीवरून पाणी आणणार, सगळे भरणार, कोण कुणाच्या घरचा ते विचारायचं नाही. प्रार्थनेआधी पाळीच्या वर्गातला कुणीही एक मुलगा पितळी पेला बुडवून तुम्हाला देणार आणि तुम्ही तो सगळ्यांसमोर पिणार. हेडमास्तर प्यायले म्हणजे मग कुणाला नाक मुरडायची सोय नाही. काही पालक भांडायला आले होते. तुम्ही त्यांनाही त्याच रांजणातलं पाणी दिलंत, असं आई अभिमानाने सांगायची.

मी कॉन्व्हेंटमध्ये. गावात इंग्रजी शिकवणारी मुलींची शाळा तेवढी एकच, आणि तुम्हाला माझं इंग्रजी चांगलं व्हायला हवं होतं. संध्याकाळी स्वयंपाकघरात तुम्ही पाटावर बसता, आई भाकरी थापते आणि मी इंग्रजी वर्तमानपत्र मोठ्याने वाचते. इन्स्पेक्टर येणार असले की तुम्ही तुमचं भाषण आधी मला म्हणून दाखवता. मी चुकलेल्या शब्दावर थांबवते, तुम्ही पुन्हा म्हणता, पुन्हा चुकता. आई तव्यावरची भाकरी उलटत म्हणते, "आता छडी द्या तिच्या हाती, तेवढंच राहिलं." तुम्ही हसता आणि खरोखरच हात पुढे करता. बाबा, साऱ्या जिल्ह्यात तुमचा दरारा होता आणि मी तुमची मास्तरीण होते. त्यामुळेच मला वाटायचं की तुमची शाळा माझीही आहे.

सिस्टरांच्या एखाद्या सणाला आम्हाला सुट्टी असायची आणि तुमची शाळा मात्र भरायची. अशाच एका दिवशी मी तुमच्या मागोमाग आले. दहा वर्षांची होते. सातवीच्या वर्गाची पाळी होती. मुलं विहिरीवर दोर ओढत होती आणि मी एक छोटी बादली उचलून त्यांच्या रांगेत शिरले. कुणी हाकललं नाही. एक जण म्हणाला, "सरायची पोरगी हाये बे, सांडू नको देजो." मी तीन खेपा केल्या, फ्रॉक भिजला, बुटांत पाणी गेलं. मग घंटा झाली, तुम्ही कचेरीतून बाहेर आलात, आणि मी सगळ्यांच्या आधी पेला बुडवून तुमच्यासमोर धरला.

तुम्ही तो हातात घेतलात. माझ्याकडे पाहिलंत. मग तो तसाच भरलेला, रांजणाच्या झाकणावर ठेवलात आणि हळू आवाजात म्हणालात, "तुझी शाळा वेगळी आहे. घरी जा." ओरडला असतात तर मी रडले असते आणि तिथेच संपलं असतं. फाटकापाशी पोचल्यावर मी वळून पाहिलं. एका मुलाने दुसरा पेला भरून दिला होता आणि तो तुम्ही पीत होता.

त्यावर आपण कधीच बोललो नाही. त्या शनिवारी तुम्ही मला जाड इंग्रजी शब्दकोश आणून दिलात, पहिल्या पानावर माझं नाव सुंदर अक्षरात घालून. मी तो आयुष्यभर वापरला, त्याच्या जोरावर मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं आणि निवृत्तही झाले. पण तुम्ही पेला का ठेवलात, हे कोणत्या पानावर सापडणार? कधी वाटायचं, तुम्ही संस्थेच्या माणसांना भ्यालात. कधी वाटायचं, मुलीने बापाला पाणी आणून द्यायचं हे घरातलं चित्र तुम्हाला शाळेत नको होतं. तुम्ही शेवटच्या आजारपणात होता तेव्हा मी रोज चमच्याने तुम्हाला पाणी पाजत होते. तेव्हा विचारता आलं असतं. एकदा ओठांवर आलंही होतं. पण तुम्ही दमला होता, आणि मग तुम्ही गेलात. त्याला तीस वर्षं झाली.

तेव्हा नव्या हेडमास्तरांना काय सांगणार होते मी? सर हो म्हणाले असते? मला माहीत नव्हतं. नाही म्हणाले असते, याचा पुरावा मात्र माझ्याकडे होता.

रविवारी सकाळी बैठक झाली. हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं होती, बहुतेकांचे केस पांढरे, काहींचे गेलेले. तुमच्या फोटोला चंदनाचा हार होता. "पोरी आल्या का शाळेची शिस्त गेली म्हणून समजा," एक जण उठून म्हणाला. मागून आवाज आला, "तुही शिस्त तं लग्न झाल्यावरच आली बे, बस खाली." सगळे हसले, तोही हसला, पण बसता बसता म्हणालाच, "सरायनं आपल्या सोताच्या पोरीले तरी घेतलं होतं का इथं?" मग सगळे माझ्याकडे पाहू लागले. नवे हेडमास्तर खाली मान घालून बसले होते. त्यांची मुलगी दाराशी उभी होती.

मी उठले. मला वाटतं, खरं सांगायलाच उठले होते. काच फोडणाऱ्याला तुम्ही सोडायचा, खोटं बोलणाऱ्याला नाही, हे त्या हॉलमध्ये माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? मी पाण्याच्या पाळीचं सांगायला लागले तेव्हा किती तरी माना हलल्या. विहीर सांगितली, बादली सांगितली, भिजलेला फ्रॉक सांगितला. पेला तुमच्या हातात दिला तिथपर्यंत आले. आणि म्हणाले, "बाबांनी तो पेला रिकामा केला. म्हणाले, जागा झाली की तुलाही इथेच बसवीन."

बाबा, माझा आवाज जरासुद्धा हलला नाही.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेत एक उंच म्हातारा उभा राहिला. त्याची तेलाची घाणी आहे बाजारात. बैठकीच्या आधी त्यानेच मला खुर्ची आणून दिली होती. "मी होतो तिथं," तो म्हणाला. "सातवीत होतो, आमचीच पाळी होती." त्याने माझ्याकडे पाहिलं, मग तुमच्या फोटोकडे पाहिलं. "विहिरीचा दोर माह्याच हाती होता. ताई सांगतात तसंच झालं. सरायनं सारा गिलास पेला." आणि तो बसला.

हात वर झाले. सगळ्यांचे नाही, पण पुरेसे. मघाशी शिस्तीचं बोलणाऱ्याचा हात सगळ्यात शेवटी, अर्धाच, वर गेला.

नंतर तो उंच म्हातारा मला विहिरीपाशी भेटला. विहिरीवर आता लोखंडी जाळी आहे आणि रांजणांच्या जागी थंड पाण्याचं मशीन. "ताई," तो म्हणाला, "सरायनं तो गिलास पेला नव्हता."

"मला माहीत आहे."

"मले वाटलं, तुम्ही विसरल्या असान."

"मग तुम्ही काऊन हो म्हणाले?" माझ्याही तोंडून काऊनच निघालं.

त्याने जाळीवरून हात फिरवला. "तुमच्या मागून दुसरा गिलास म्याच देला होता सरायले. तुम्ही फाटकातून पाहून राह्यल्या होत्या. मले काही चांगलं नव्हतं वाटलं त्या दिवशी." मग जाता जाता म्हणाला, "सर वर भेटले तं दोघायलेही बाकावर उभं करतीन. तयारीत राहा."

हे पत्र तुमच्या फोटोच्या मागे खोचून यावं, असं काल मनात आलं होतं. पण हार बदलताना ते कुणाच्या तरी हाती लागेल आणि त्या मुलीचा प्रवेश अडेल. म्हणून ते घरीच राहील, शब्दकोशात, तुम्ही माझं नाव लिहिलंत त्या पानापाशी.

नवे हेडमास्तर फोनवर म्हणाले, "ताई, तुम्ही पोरींसाठी किती केलं." मी हो म्हटलं. तेही पूर्ण खरं नव्हतं. उठून उभी राहिले तेव्हा ती दाराशी उभी असलेली मुलगी माझ्या ध्यानातसुद्धा नव्हती. बोलता बोलता त्या पेल्यापर्यंत आले, आणि मला फक्त एकदा तुम्हाला ते पाणी प्यालेलं पाहायचं होतं.